घरात मधमाशी शिरली? टॉवेल खाली ठेवा, आणि या चुका टाळा

मार्च लागला की आमच्या जुळे सोलापुरात दोन आवाज सुरू होतात. एक कूलरची घरघर, दुसरा "माशी आली, माशी आली" असा ओरडा. पहिल्या वर्षी मीही टॉवेल घेऊन मागे लागलो होतो, आपला सोलापुरी, चांगला जाडजूड. टॉवेल तिला लागलाच नाही. ती बिचकून वर गेली, पंख्याच्या पात्यावर आपटून फरशीवर पडली आणि थोड्या वेळाने आईच्या तळव्याखाली आली. मेलेल्या माशीचाही काटा टोचतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

म्हणून आधी पंखा बंद. घरात आलेली माशी बहुतेक वेळा वाट चुकलेली असते आणि उजेडाकडे जायचं, एवढंच तिला सुचतं. दिवसा खोलीतले दिवे बंद करा, बाकीचे पडदे ओढा, एकच खिडकी सताड उघडी ठेवा. काचेवरच धडका देत बसली तर काचेचा ग्लास तिच्यावर पालथा घाला, खालून जुनी लग्नपत्रिका हळूच सरकवा आणि बाहेर नेऊन सोडा. स्टीलचा पेला नको, माशी आत आहे की नाही ते कळत नाही.

रात्री मात्र हाच उपाय उलटतो. आग्या माशा, म्हणजे उघड्यावर मोठं पोळं बांधणाऱ्या थोराड मधमाशा, चांदण्या रात्रीही उडतात आणि दिव्याकडे खेचल्या जातात. आत ट्यूब, बाहेर अंधार, अशात खिडकी उघडली की एक जायच्या ऐवजी आणखी चार आत येतात. शेजारच्या मावशी नेमकं हेच करत होत्या. "अहो मावशी, ट्यूब बंद करा की आधी!" असं जिन्यातून ओरडावं लागलं. रात्री खिडकी लावून घ्या, खोलीत अंधार करा. माशी एका जागी बसली की ग्लासात धरून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि उजाडल्यावर सोडा. रोज संध्याकाळी माशा येत असतील तर जवळच एखाद्या टाकीखाली किंवा झाडावर आग्या मोहोळ आहे, असं समजा. बाल्कनीतली पांढरी ट्यूब काढून मंद पिवळा दिवा लावला तरी फरक पडतो, कारण निळा आणि अतिनील प्रकाश माशीला चांगला दिसतो, तांबडा दिसतच नाही.

आता कूलर. बाहेर ४२-४३ अंश असताना मोहोळातली पिल्लं ३४-३५ अंशांत ठेवावी लागतात. त्यासाठी माशा पोटातून पाणी नेतात, पोळ्यात थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणजे त्यांचाही कूलरच! आपल्याच्या ओल्या जाळीवर त्या पाणी भरायला येतात. त्यात फिनेल ओतणं ही सगळ्यात वाईट चूक. त्या माशा मरतात आणि तोच वास रात्रभर आपल्या नाकात जातो. त्यापेक्षा गच्चीवर सावलीत परातीत खडे टाकून पाणी ठेवा, तेही कूलर सुरू करायच्या आधीपासून. एकदा जागा ठरली की माशी तिथेच परत येते, म्हणून परात कोरडी पडू देऊ नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल भरलेले असतात. त्यांना झाकण हवंच. बुडालेली माशी चमच्याने काढून उन्हात ठेवा, पंख वाळले की बऱ्याचदा उडते.

थकलेल्या माशीला गूळपाणी किंवा मध देऊ नका. गूळ तिला पचत नाही, आणि दुसऱ्या पोळ्याच्या मधातून रोग पसरतो. दोन चमचे साखर, एक चमचा पाणी, त्यातला एकच थेंब तोंडाजवळ ठेवा. अंगावर पडला तर पंख चिकटतात.

ग्रिलला अचानक माशांचा घोस लटकला तर झुरळांचा स्प्रे, रॉकेल, टेंभा यांतलं काही नको. तो घर शोधत निघालेला थवा असतो. राखायला पोळं नाही, पिल्लं नाहीत, म्हणून शांत असतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत निघून जातो. जास्वंदीवर तळहाताएवढं पोळं असेल तर ती फुलोरी, म्हणजे छोट्या जातीची मधमाशी, राहू द्या. सातेरी, म्हणजे पोकळीत पोळं बांधणारी मधमाशी, भिंतीत शिरली तर भोक सिमेंटने बुजवू नका. कोंडलेल्या माशा दुसरीकडून घरात निघतात आणि आत राहिलेल्या मधाला मुंग्या लागतात. तिथे मधपेट्या ठेवणाऱ्या माणसालाच बोलवा, आपल्या डाळिंब पट्ट्यात तो सापडतो. आग्या उठलं तर मात्र पाण्यात उडी नको, वर माशा घिरट्या घालत राहतात. चादर डोक्यावर घेऊन घरात पळा, दार लावा.

माशी चावलीच तर चुना, कांदा, लोखंडी किल्ली शोधत बसू नका. काटा कातडीत राहतो आणि त्याची पिशवी विष सोडत राहते, म्हणून नखाने लगेच खरवडून काढा. तिथून दूर व्हा, कारण डंखाबरोबर केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्या माशांना चिथावतो. बोटाला चावली असेल तर सुजायच्या आत अंगठी काढा, मग बर्फ लावा. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, दम लागला किंवा चक्कर आली तर १०८ ला फोन करा. बर्फही नंतर.