नट आवळला तरी न सुटणारा रंग

माझ्या पहिल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरच्या चॅसीचा, म्हणजे सगळे भाग बसवायच्या धातूच्या पेटीचा, रंग व्हॉल्यूमचा नट आवळेपर्यंत टिकला. पान्याने शेवटचा अर्धा फेरा दिला आणि नटाभोवतीचा काळा पापुद्रा सापाच्या कातेसारखा सुटून आला. खालचं ॲल्युमिनियम लख्ख होतं, रंगाने त्याला कुठे धरलंच नव्हतं.

उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर लगेच धरतो आणि त्यावर साधा रंग नीट चिकटत नाही. त्यासाठी रंगाआधी एच (etch) प्रायमर लागतो. त्यातलं सौम्य ॲसिड धातूला किंचित खातं आणि वरच्या रंगाला पकड मिळते. चॅसी लोखंडी पत्र्याची असेल तर गंज पूर्ण घासून रेड ऑक्साइड प्रायमर चालतो.

पण प्रायमरच्या आधी सगळी भोकं पाडून घ्या. ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, पॉट (व्हॉल्यूमसारखा फिरवायचा कंट्रोल), फ्यूज, सगळं एकदा बसवून बघा आणि परत काढा. जेमतेम बसणारं भोक रंगानंतर आवळतं, म्हणून आत्ताच जरा सैल ठेवा. भोकांच्या आणि कोपऱ्यांच्या धारा कानशीने मारा. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर सर्वांत पातळ राहतो. रंग उडायला सुरुवात होते ती तिथूनच.

मग घासणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी दर वेळी इथेच घाई करायला बघतो. आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००चा पाण्यात भिजवून. आरशासारखी चकाकी नको, सगळीकडे एकसारखा निस्तेज पृष्ठभाग हवा. भांड्याच्या साबणाने धुवून वर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन फुटलं तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघडं बोट लावू नका.

स्प्रेचा डबा आतली गोळी वाजायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा. वीत-सव्वा वीत अंतर ठेवा. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा. पहिला हात इतका विरळ द्या की खालचा प्रायमर दिसत राहील. एका हातात झाकायला गेलात की ओघळ आलेच. हॅमरटोन रंगाला मात्र हा नियम लागू नाही: त्याचा शेवटचा हात जरा ओला बसला तरच ठोकल्यासारखी नक्षी उमटते. पत्र्यावर ओरखडे असतील तर तोच घ्या, बरंच पोटात घालतो. हवा दमट असेल त्या दिवशी रंगवू नका, चकाकीवर पांढुरकी झाक येते.

दोन हातांमधली वेळ डब्यावर लिहिलेली असते, ती पाळा. मी एकदा 'तासाभरात, नाहीतर दोन दिवसांनी' असं वाचूनही संध्याकाळी हात मारला. सगळा पृष्ठभाग सुरकुतला आणि पुन्हा २२०पासून सुरुवात करावी लागली.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पिकला असं नाही. नाक जवळ नेऊन हुंगा. थिनरचा वास येतोय तोवर आत ओल आहे. मी चॅसी दिवसभर मोकळ्या हवेत ठेवतो आणि डब्यावर मनाई नसेल तर विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये ९० अंशांच्या आसपास तासभर भाजतो. त्या ओव्हनमध्ये पुन्हा खायचं काही शिजवायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि गॅसच्या ज्योतीपाशी हा प्रयोग करायचाच नाही, वाफ पेट घेते. ओव्हन नसेल तर दोन आठवडे थांबा. मग आतल्या कडेवर नख दाबून बघा. खूण उमटली नाही तर जोडणीला लागा. नटाखाली नायलॉनचा वॉशर घाला, पाना रंगावर घासणार नाही.

अर्थिंगच्या बोल्टभोवतीची जागा मात्र रंगाआधीच मास्किंग टेपने झाका. रंग वीज अडवतो. त्या बोल्टखाली थर राहिला तर बिघाडाच्या वेळी चॅसीत उतरलेल्या विजेला तुमच्या हाताचीच वाट मिळेल. टेप काढल्यावर तिथे उघडा धातू दिसला पाहिजे. त्यावर दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा आणि मेन्सच्या प्लगची अर्थ पिन ते चॅसी असा मल्टिमीटर लावा. काटा जवळजवळ शून्य ओहम दाखवेपर्यंत व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवू नका.