इंदूरच्या मुलांचं मूल निवासी प्रमाणपत्र: अकरावीच्या आधी उरकायचं काम

मुलं दहावीला आली की इंदूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास निघतो: आपण मूळचे साताऱ्याचे, नाहीतर नागपूरचे, मग महाराष्ट्राच्या कोट्यातून प्रवेश मिळेल का? आडनाव, घरात बोलली जाणारी भाषा किंवा गावच्या सातबाऱ्यावरचं आजोबांचं नाव, यांतल्या कशाच्याही जोरावर तो मिळत नाही. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात मातृभाषा मराठी असण्याला किंमत आहे, पण ती फक्त कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मुलांसाठी असलेल्या उमेदवारांच्या 'ई' या प्रकारात. बाकी सगळीकडे राहिलात कुठे आणि शिकलात कुठे, एवढंच बघतात. म्हणून इंदुरात वाढलेल्या मुलाचं खरं राज्य मध्य प्रदेश धरून चालावं आणि कागद त्याप्रमाणे जमवावेत.

त्यातला मुख्य कागद मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे मध्य प्रदेशचा रहिवासी (डोमिसाईल) दाखला. तो किती मोलाचा आहे, ते आधी बघा. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या 85 टक्के राज्याकडे राहतात. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजच्या या राज्य कोट्यातल्या जागेसाठी मूल निवासी असणं लागतं. दुसरी गोष्ट फीची. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत मध्य प्रदेश बोर्डाला बारावीत 70 टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईला 85 टक्के मिळवणाऱ्या मूल निवासी मुलांची फी सरकार भरतं. इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनचा क्रमांक दीड लाखाच्या आत असावा लागतो. सरकारी कॉलेजची फी पूर्ण मिळते, खासगी इंजिनिअरिंगला दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, ती त्या वर्षीच्या नियमावलीत बघून घ्या. मूल निवासी प्रमाणपत्र नसेल तर 95 टक्के मिळवूनही ही योजना लागू होत नाही.

आता पात्रता. बहुतेक घरांना दोनच वाटा उपयोगाच्या. पहिली: मुलाचा जन्म मध्य प्रदेशात झाला आणि इथल्या शाळेत किमान तीन वर्षं सलग शिक्षण झालं. दुसरी: राज्यात सलग 10 वर्षं वास्तव्य. राज्य सरकारी कर्मचारी, इथे नेमणूक असलेले केंद्र सरकारी कर्मचारी, मध्य प्रदेश केडरचे अधिकारी यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत. त्यांना कार्यालयाकडून नेमणुकीचं पत्र आणावं लागतं.

पहिली वाट सोपी वाटते, पण मराठी घरांत ती बरेचदा बंद झालेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, माहेर असतं अकोल्याला किंवा पुण्याला, आणि जन्मदाखला तिथल्या महापालिकेचा. असा दाखला हाती असेल तर जन्माच्या वाटेच्या नादी लागू नका, सरळ 10 वर्षांची वाट धरा. अर्जात जन्मस्थळ जे खरं आहे तेच लिहा. "इंदूर" लिहून मोकळं होण्याचा मोह महागात पडतो, कारण कागद तपासणाऱ्याच्या हातात आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रेकॉर्ड एकाच वेळी असतं.

10 वर्षांचा पुरावा वर्षवार लावायचा. एका कागदावर दहा ओळी आखा, प्रत्येक ओळीत एक वर्ष, आणि त्यापुढे त्या वर्षीचा पत्ता दाखवणारा एक तरी कागद. सगळ्यांत भक्कम म्हणजे शाळेचे निकालपत्रक, तेही इयत्तेगणिक. दोन शाळा झाल्या असतील तर दोन्हीकडचे टीसी. त्यांना जोड म्हणून पालकांच्या नावाचं वीजबिल, नगर निगमच्या मालमत्ता कराच्या पावत्या, मतदार यादीतलं नाव. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची अडचण इथे होते. अकरा महिन्यांचे करारनामे दरवर्षी झालेले नसतात आणि वीजबिल घरमालकाच्या नावाचं असतं. अशा वेळी मुलाच्या शाळेचे कागद, वडिलांच्या कार्यालयाचं सेवा प्रमाणपत्र, पत्ता असलेलं बँकेचं पासबुक यांनी मधली वर्षं भरून काढा. एखादं वर्ष कोरं राहिलं तर नेमकं त्याच वर्षाबद्दल विचारणा होते, कारण नियमातला शब्द "निरंतर" आहे.

अर्जाला हात लावण्याआधी नावं जुळवून घ्या. इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब नोंदणीतला क्रमांक, हिंदीत भरलेला असतो आणि हिंदीत "ळ" बसवायची सवय कोणाला नसते, त्यामुळे "काळे"चं "काले" होतं, "गोखले" सुटतात. तशात महाराष्ट्रातून आलेल्या जन्मदाखल्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम, इथल्या अंकसूचीत (गुणपत्रिकेत) नुसतं नाव आणि आडनाव, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. आईचं लग्नात नाव बदललेलं असेल तर तिच्या जुन्या कागदांवर माहेरचं नाव असतं, तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला सोबत हवाच. प्रमाण धरायचं ते दहावीच्या अंकसूचीतलं नाव, कारण पुढे प्रवेशाच्या प्रत्येक टप्प्यावर तीच मागतात. आधी आधार तिच्याशी जुळवा, मग समग्रमध्ये दुरुस्ती आणि ई-केवायसी करा, आणि मगच अर्ज. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागतं. समग्रमध्ये कुटुंबाचा क्रमांक 8 अंकी आणि प्रत्येक माणसाचा 9 अंकी असतो. अर्जात मुलाचा 9 अंकी लागतो, कुटुंबाचा टाकून चालत नाही.

अर्ज लोक सेवा केंद्रात द्यायचा. आपला पत्ता कोणत्या तहसिलीत येतो ते आधी पाहून घ्या. शहरातच जूनी इंदूर, मल्हारगंज, राऊ, कनाडिया अशा तहसिली वेगळ्या आहेत, आणि महूचं काम महूलाच. सोबत आधार, समग्र आयडी, फोटो, स्वघोषणापत्र आणि वर सांगितलेली वर्षवार चळत, मूळ प्रतींसह. कागद पूर्ण असतील तर समाधान एक दिवस योजनेत त्याच दिवशी प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, तेव्हा सकाळीच जावं. पावती जपून ठेवा, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक पुढे सगळीकडे लागतो. काम अडलं तर 2010 च्या लोक सेवा हमी कायद्याखाली 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंडाची तरतूद त्याच कायद्यात आहे. मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या 181 वर तक्रारही नोंदवता येते. नुसत्या चकरा मारण्यापेक्षा पावती दाखवून लेखी कारण मागणं केव्हाही बरं. कारण कळलं की दुरुस्ती करता येते.

स्वघोषणापत्रात दुसऱ्या राज्याचं असं प्रमाणपत्र घेतलेलं नाही, असं लिहून द्यावं लागतं. ते वाचून सही करा. पुण्याच्या मामाकडचा पत्ता दाखवून महाराष्ट्राचं डोमिसाईल काढायचं आणि इथलंही ठेवायचं, हा सल्ला घरोघरी दिला जातो. तो ऐकू नका. दोन राज्यांत नाव सापडलं की प्रवेश रद्द होतो, तोही वर्ष सुरू झाल्यावर, आणि तोवर दोन्हीकडच्या फेऱ्या संपलेल्या असतात.

बारावी कुठून करायची, हे याच सुमारास ठरवावं लागतं, आणि इथे चुकलेलं नंतर दुरुस्त होत नाही. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांतल्या 50 टक्के जागा गृहराज्याच्या मुलांसाठी असतात, पण तिथे मूल निवासी प्रमाणपत्र बघतच नाहीत. बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातल्या शाळेतून पास झालात, ते तुमचं राज्य. इंदूरचा मुलगा राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावून तिथल्याच शाळेतून बारावी झाला तर भोपाळच्या मॅनिट या एनआयटीचा गृहराज्य कोटा जातो आणि जयपूरच्या एमएनआयटीचा लागू होतो. क्लास कोटा शहरात असो, बारावीचं नाव इंदूरच्या शाळेत आहे ना, हे पालकांनी स्वतः खात्री करून घ्यावं. डमी, म्हणजे नावापुरत्या प्रवेशाच्या, शाळेचं नाव क्लासवालेच परस्पर सुचवतात, ती शाळा कुठल्या राज्यात आहे हे विचारायचं राहून जातं.

अकरावीला पुण्याला पाठवायचा विचार असेल तर हिशेब नीट मांडा. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही तिथूनच हवी, शिवाय डोमिसाईल, आणि त्यासाठी 15 वर्षांचं वास्तव्य. दहावी इंदूरची असेल तर ती वाट संपली. इंजिनिअरिंगला ए प्रकारातही दोन्ही परीक्षा तिथल्याच लागतात. बी प्रकारात मात्र आई किंवा वडील यांच्याकडे महाराष्ट्राचं डोमिसाईल असेल तर चालतं. नोकरीनिमित्त नुकतेच इंदूरला आलेल्या, दहा वर्षं न झालेल्या कुटुंबांना हीच वाट उपयोगाची आहे. त्यांनी महाराष्ट्रातलं जुनं प्रमाणपत्र शोधून जपून ठेवावं.

राखीव प्रवर्गातल्या मुलांसाठी एक वेगळी खबरदारी. जात प्रमाणपत्र राज्याशी बांधलेलं असतं. महाराष्ट्रातला दाखला दाखवून मध्य प्रदेशच्या राज्य कोट्यात आरक्षण मिळत नाही. इथला दाखला काढायचा तर अनुसूचित जाती-जमातींना 1950 पासूनचं आणि ओबीसींना 1984 पासूनचं कुटुंबाचं वास्तव्य दाखवावं लागतं. त्यासाठी आजोबा-पणजोबांचे कागद लागतात: जुन्या शाळेच्या दाखल-खारिज नोंदी, घराची रजिस्ट्री, नोकरीचं सेवापुस्तक. मूल निवासीचं काम दिवसात होईल, याला महिने लागू शकतात, म्हणून सुरुवात यापासून करा.

मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला होते, निकाल जूनमध्ये, आणि जुलैत समुपदेशनाची गर्दी सुरू होते. त्या आठवड्यांत लोक सेवा केंद्रात रांगा लागतात आणि समग्रची दुरुस्ती अडकून पडते. दहावीचा निकाल लागला की त्याच उन्हाळ्यात प्रमाणपत्र काढून ठेवा, डिजिटल प्रत आणि दोन रंगीत छापील प्रती करून ठेवा, आणि प्रवेशाचा फॉर्म भरताना नाव, वडिलांचं नाव, जिल्हा हे सगळं प्रमाणपत्रात आहे तसंच, अक्षर न अक्षर, टाका.