शर्यतीची सायकल आणि महिन्याचे उत्पन्न

पुण्यात राहून सायकल शर्यतींच्या जोरावर स्वतंत्रपणे उभे राहू पाहणाऱ्या नवख्याने आधी एवढे मान्य करावे की बक्षिसांच्या रकमेवर घरभाडे भागत नाही. आपल्याकडचे आघाडीचे सायकलपटू बहुधा रेल्वेत किंवा सेनादलांत नोकरीला असतात, त्यामुळे त्यांचा पगार आणि सराव यांची सांगड संस्थाच घालून देते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी लागते आणि ती हाती येईपर्यंतची वर्षे ज्याची त्याला निभवावी लागतात. मी ती वर्षे सायकलीभोवतीच्या कामांवर काढली. आधी दुरुस्ती केली, मग फिटिंग, म्हणजे सायकल चालवणाऱ्याच्या अंगाला बेतून सीट-हँडल बसवणे, शिकलो आणि पुढे प्रशिक्षण देऊ लागलो. या तीन कामांखेरीज दुसरा भरवशाचा मार्ग मला तरी दिसलेला नाही.

कामाची निवड करताना किती पैसे मिळतात याच्या आधी ते काम शरीरातून किती काढून घेते हे पाहावे. सायकलवरून घरपोच माल पोहोचवणे हे सरावाला पूरक वाटते, पण सिग्नलमागून सिग्नल थांबत केलेली ती दमणूक सराव म्हणून उपयोगी पडत नाही आणि विश्रांतीही देत नाही. हिंजवडीत नोकरी आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला घर असेल, तर सकाळचे दोन तास वाहतुकीतच जातात. दुरुस्तीच्या दुकानातले काम सकाळी उशिरा सुरू होते, त्यामुळे पहाटेचा सराव पूर्ण होतो. शिवाय एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या पुणेरी पद्धतीची जग कितीही थट्टा करो, शर्यत खेळणाऱ्या माणसाला त्या तीन तासांचे मोल नेमके कळते.

दुकानातले शिक्षण पुढे शर्यतीतही कामी येते. अकरा गिअरची चेन 0.5 टक्के लांबली की बदलावी, हे मापकावर एकदा स्वतः पाहिले म्हणजे ते विसरत नाही. जुनी चेन तशीच ओढत राहिल्यास कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांच्या संचाचे, दात झिजतात, मग नवी चेन त्यांवर बसत नाही आणि चढावर जोर लावताच ती उडी मारते. हजार-दोन हजारांचे काम अशा वेळी कितीतरी पटींनी महाग पडते.

फिटिंगचे काम त्याहून बारकाईचे आहे आणि त्याला मोबदलाही चांगला मिळतो. कोथरूडच्या एका गृहस्थांच्या हातांना तासाभरातच मुंग्या येत असत आणि हँडल उंच करून द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर, बसवले तेव्हा दिसले की सीटचे नाक खाली झुकलेले आहे. ते पुढे घसरत होते आणि सारा भार तळहातांवर येत होता. सीट सपाट केली, पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सुमारे 30 अंशांत वाकेल इतकी तिची उंची ठेवली आणि हँडलला हातही लावला नाही. असे समाधानी ग्राहकच पुढे प्रशिक्षणासाठी येतात. जाहिरातीचा मला फारसा उपयोग झालेला नाही.

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःचे मोजमाप करावे. वीस मिनिटे पूर्ण ताकदीने चढून मिळालेल्या सरासरी पॉवरचे 95 टक्के म्हणजे ढोबळ एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी कमाल पॉवर), आणि त्यासाठी सिंहगडाचा घाटरस्ता उत्तम. मात्र तेथे रविवारी जाऊ नये, कारण गाड्यांच्या रांगेत ना चाचणी होते ना जीव सुरक्षित राहतो. बोपदेव घाट लहान असल्याने पुन्हा पुन्हा चढण्याच्या सरावाला तो बरा. पेडलवरची पॉवर मोजणारा पॉवर मीटर परवडेपर्यंत छातीवरच्या हृदयगतीच्या पट्ट्यावरही पुष्कळ काम भागते. कार्बनची फ्रेम तर त्याच्याही नंतर घ्यावी.

कोणत्या स्पर्धेत उतरायचे याबाबत नवख्यांचा हमखास घोटाळा होतो. बीआरएम ही लांब अंतराची सायकलफेरी असते, ती शर्यत नव्हे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास आणि 600 ला 40 तास अशा मुदतीत अंतर पुरे करायचे असते आणि तेथे क्रमांक लावले जात नाहीत; दमसास, रात्रीचा प्रवास आणि खाण्याचे नियोजन शिकायला मात्र तिच्यासारखी शाळा नाही. पुणे ते गोवा ही डेक्कन क्लिफहँगर खरीखुरी शर्यत असली, तरी तिला साथीदार, गाडी आणि डिझेल यांचा खर्च येतो, म्हणून खर्च उचलणारा कोणी मिळाल्यावरच तिचा विचार करावा. जिल्हा संघटना, राज्य स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा ही वाट संथ आहे. तरीही नोकरी किंवा संघ याच वाटेने मिळतो. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची, 2.2 दर्जाची अनेक टप्प्यांची शर्यत आपल्याच रस्त्यांवर झाली आणि अनेकांना वाटले की आता दार उघडले. प्रत्यक्षात अशा शर्यतीत एकट्याने नाव नोंदवता येत नाही, संघच उतरतात; त्यामुळे नवख्याने आधी संघाच्या नजरेत भरेल अशी राज्य पातळीवरची कामगिरी करावी.

परवानाधारक स्पर्धक झाल्यावर औषधांबाबत दक्ष राहावे लागते. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि स्पर्धेच्या काळात ठराविक मर्यादेपुढे त्यावर बंदी आहे. आपण उत्तेजक द्रव्य चाचणीच्या कक्षेत येतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. जिममधल्या ओळखीच्याने दिलेली पावडर तर मुळीच घेऊ नये, कारण चाचणीत काही सापडले तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

प्रायोजकत्वाची सुरुवात रोख रकमेऐवजी टायर, कपडे किंवा सुट्या भागांनी होते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. एखाद्या दुकानासाठी सोसायटीत रविवारी पंक्चर काढण्याची कार्यशाळा घेतली, तर केवळ छायाचित्रे टाकण्यापेक्षा त्या दुकानदाराला अधिक ग्राहक मिळतात आणि पुढल्या वर्षीची बोलणी सोपी होतात. मात्र सायकल मिळत असेल तर ती बक्षीस आहे की वापरापुरती, वापरापुरती असल्यास कोणत्या तारखेला परत करायची आणि शर्यतीत फ्रेम तुटली तर भरपाई कोणी द्यायची, हे फ्रेमच्या क्रमांकासह कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ती घरी आणू नये.