परदेशी जोडीदाराला गावी बोलावताना या चुका टाळा

उदगीर, परळी किंवा हिंगोलीच्या घरी परदेशी जोडीदाराला पहिल्यांदा बोलावताना व्हिसाच्या अर्जात ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याचशा अज्ञानापेक्षा संकोचातून होतात, असे लातुरात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देताना माझे मत झाले आहे. घरी अद्याप सांगितलेले नसते, म्हणून भारतातील संदर्भाच्या रकान्यात मुंबईच्या एखाद्या हॉटेलचे नाव टाकले जाते आणि मुक्काम मात्र पंधरा दिवस गावाकडे होतो. वास्तविक मित्र किंवा नातलगांना भेटणे हे ई-पर्यटन व्हिसाचे, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या पर्यटक व्हिसाचे, मान्य कारण आहे. तेव्हा जिथे पाहुणा खरोखर उतरणार आहे, तिथलाच पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर द्यावा.

नावाचा घोळ याहून महागात पडतो. आपल्याला नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी सवय असते. मध्यंतरी एका मुलाने आपल्या स्पॅनिश मैत्रिणीचा अर्ज स्वतःच भरला होता. तिच्या पासपोर्टवर आडनावाच्या ओळीत दोन शब्द होते, त्यांतला पहिला त्याने वडिलांचे नाव समजून तिच्या नावाला जोडला आणि दुसरा तेवढा आडनाव म्हणून लिहिला. स्पेनमध्ये दोन्ही आडनावेच असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे. शुल्क परत मिळत नाही, त्यामुळे नवा अर्ज आणि पुन्हा पैसे, एवढेच हाती उरले. पासपोर्टवर ज्या ओळीत जे छापले आहे, ते त्याच रकान्यात जसेच्या तसे उतरवावे आणि शक्यतो अर्ज जोडीदारालाच भरू द्यावा. पासपोर्टची मुदत भारतात येतेवेळी किमान 6 महिने शिल्लक असावी आणि त्यात 2 पाने कोरी असावीत. आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे असल्यास ई-व्हिसा चालत नाही; तो प्रश्न टाळून पुढे जाऊ नये, दूतावासामार्फत नेहमीचा व्हिसा मागावा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा, कारण हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे बरेच जास्त पैसे घेतात.

तारखांच्या बाबतीत शिकलेली माणसेही फसतात. 30 दिवसांच्या ई-व्हिसाच्या मंजुरीपत्रावर जी अंतिम तारीख असते, ती परत जाण्याची नसून त्या तारखेच्या आत भारतात पोहोचायचे असते, आणि 30 दिवस पहिल्यांदा उतरल्यापासून मोजले जातात. 1 वर्षाच्या व्हिसाचा हिशेब मात्र मंजुरीच्या दिवसापासून चालू होतो. ही मुदत वाढवून मिळेल, या भरवशावर तिकीट काढू नये.

30 दिवसांच्या व्हिसाच्या मुदतीतच लग्नही उरकून घेऊ, असा बेत बरेच जण करतात आणि तो गणितातच बसत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवे, आणि नोटीस लावल्यानंतर आणखी 30 दिवस थांबावे लागते. वास्तव्याची अट इथल्या माणसामुळे पुरी होते, परंतु पाहुणीने उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस दिली तरी नोटिशीची मुदत संपण्याआधी तिचा व्हिसा संपतो. लग्नच करायचे असेल तर आधी जास्त मुदतीचा व्हिसा पाहावा आणि विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडून कागदपत्रांची यादी आणून ठेवावी.

शेवटची चूक व्हिसा हातात आल्यावर होते. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आल्यापासून 24 तासांच्या आत यजमानाने ऑनलाइन माहिती कळवावी लागते. या माहितीच्या फॉर्मला सगळे अजून जुन्या नावाने सी फॉर्मच म्हणतात. ही जबाबदारी फक्त हॉटेलवाल्यांची आहे, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. भाड्याची खोली असेल तर घरमालकाला आधीच विश्वासात घ्यावे, आणि अडचण आलीच तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांची नोंदणी पाहणाऱ्या शाखेकडे पासपोर्ट व व्हिसाच्या झेरॉक्स घेऊन त्याच दिवशी जावे. घरच्यांना सांगायचे राहिले असेल, तर तेही निदान त्याआधी उरकावे. पोलिसांचा फोन वडिलांच्या नंबरवर जाऊ शकतो.