उन्हाळी कृषी सल्ला : सोलापूर शहरालगतच्या शेतकऱ्यांसाठी

१९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव ही गावे सोलापूर महानगरपालिकेत आली आणि त्यानंतर या पट्ट्यातील काळी रानं बिगरशेती होत जाऊन तेथे प्लॉट, रस्ते व पत्र्याची गोदामे उभी राहिली. उभे पीक पानांवाटे बाष्प सोडते, त्यात उन्हाची बरीच उष्णता खर्ची पडते. डांबर व काँक्रीट मात्र ती साठवतात आणि सूर्यास्तानंतर सावकाश सोडतात, त्यामुळे वस्तीला लागून असलेल्या शेतात रात्रीचा गारवा उशिरा उतरतो.

तरीही सगळा दोष शहराचा नाही. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण भागात मे महिन्याच्या दुपारी उघडी काळी जमीन पुष्कळदा वस्तीहूनही अधिक तापते. हवामान खात्याचे ४२ अंश हे सावलीतील हवेचे तापमान असते. त्याच वेळी कोरड्या मातीचा वरचा थर ५५ अंशांपुढे जाऊ शकतो. रिकाम्या रानात खोल नांगरट करून माती तापू देणे कीड-रोगांच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु फळबागेत माती उघडी ठेवणे म्हणजे अन्नपाणी शोषणाऱ्या पांढऱ्या मुळ्या भाजून काढणे होय. उसाचे पाचट जाळू नये. ते किंवा तुरीचा भुसा झाडाच्या आळ्यात चार बोटे जाडीने पसरावा, बुंध्याला मात्र टेकू देऊ नये.

आंबे बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) डाळिंबावर पश्चिमेकडील फळांना उन्हाचे चट्टे पडतात. त्यासाठी केओलिन (पांढऱ्या चिकणमातीची भुकटी) ५ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम, सकाळच्या वेळी फवारावे. ठिबक पहाटे किंवा सायंकाळनंतर चालवावे.

टोमॅटोच्या बाबतीत दिवसाच्या उन्हाइतकीच रात्रीची उष्णता घातक ठरते. रात्र २४ अंशांच्या वर राहू लागली की फुलगळ वाढते. म्हणून वसाहतीलगतच्या तुकड्यात उन्हाळी टोमॅटोचा आग्रह धरू नये, तेथे गवार किंवा भेंडी घ्यावी, आणि मेथी-कोथिंबीर करायचीच असल्यास शेडनेटखाली करावी.

गोठ्याच्या पत्र्याला बाहेरून चुना लावून वर कडब्याचा थर द्यावा. पश्चिम बांधावर शेवरीची दाट ओळ लावायची असल्यास बी आताच मिळवून ठेवावे, म्हणजे मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसावर ते टोकता येईल.