सिंगापूरला बिऱ्हाड हलवताय? ‘उकाड्याची सवय आहे’ म्हणून या चुका करू नका

पुण्यामुंबईचा माणूस सिंगापूरला राहायला निघाला की हवामानाची काळजी सोडून बाकी सगळी काळजी करतो. उकाडा ओळखीचा, पाऊसही ओळखीचा, मग त्यात नवीन काय, असं मलाही वाटलं होतं. आम्ही मार्चमध्ये आलो. सासूबाईंनी दिलेली पैठणी, दोन रेशमी साड्या आणि नवऱ्याचा पूजेचा कद असं सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मी स्टोअररूममध्ये वरच्या फळीवर ठेवून दिलं. गणपतीच्या आदल्या दिवशी खोकं उतरवलं तेव्हा पुठ्ठा हाताला मऊ लागला. उघडताच कुबट वास आला. पैठणीच्या घडीवर पांढुरके ठिपके होते आणि पदराची जर घडीच्या रेघेवर काळवंडली होती. ठिपके पुढे निघाले. जर गेली ती गेलीच.

तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगते. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. वर्षाला साधारण २१०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईतही जवळपास तेवढाच किंवा थोडा जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे तो बारा महिन्यांत वाटला जातो, वर्षातले १७० च्या आसपास दिवस पाऊस असतो. हवेतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते आणि पहाटे ती ९० च्याही पुढे जाते.

आपल्या घरांची सगळी निगा कोरड्या ऋतूच्या भरवशावर चालते. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या गच्चीवर जातात, साड्यांना ऊन दाखवलं जातं, मे महिन्यात वाळवणं आणि वर्षाचे मसाले होतात. घर कोरडं ठेवण्याचं काम आपल्याकडे ऊन करतं, म्हणून आपण ते काम कधी मोजलेलंच नसतं. इथे तो ऋतू येतच नाही. ते काम दर आठवड्याला आपल्याच हाताने करावं लागतं, आणि इथल्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात.

बॉम्ब शेल्टरला माळा समजणं

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या बहुतेक फ्लॅटमध्ये जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि पोलादी दाराची एक छोटी खोली असते. ती नागरी संरक्षणासाठी आहे, सगळे तिला बॉम्ब शेल्टरच म्हणतात आणि रोजच्या वापरात तिची अडगळीची खोली होते. खिडकी नसते. हवेसाठी भिंतीत जी भोकं ठेवलेली असतात, ती आपण खोकी रचून बुजवतो. मग आत बुरशीचं राज्य सुरू होतं.

त्या खोलीत भांडी, बादल्या, रिकाम्या बॅगा ठेवा. रेशीम, चामडं, पुस्तकं, पदवीची प्रमाणपत्रं, कॅमेरा ठेवू नका. पुठ्ठ्याची खोकी सामान लावलं त्याच आठवड्यात टाकून द्या, कारण पुठ्ठा पाणी धरून ठेवतो. पोलादी दार दिवसातून थोडा वेळ उघडं राहू द्या.

रेशमी साड्या सुती कापडात गुंडाळून, ज्या खोलीत रात्री एसी चालतो तिथल्या कपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. महिन्यातून एकदा बाहेर काढून घडी बदला. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. ठिपके दिसलेच तर साडी घरात झटकू नका, नाहीतर बुरशी सगळ्या कपाटात पसरेल. बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने हलकेच झाडा, मग ड्रायक्लीनिंगला द्या.

सुपरमार्केटमध्ये ओलावा शोषणारे डबे मिळतात. वरचे पांढरे खडे हळूहळू विरघळतात आणि खाली पाणी साठतं. कपाटात एक डबा पुरे. पण ते पाणी कपड्यांवर किंवा चामड्यावर सांडू देऊ नका, डाग जात नाहीत. घरात पुस्तकं किंवा वाद्यं जास्त असतील तर सरळ डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, घ्या. बंद खोलीत त्याची टाकी रात्रीत किती भरते ते एकदा बघितलंत की पुन्हा कुणी समजावून सांगायला नको. कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते, त्यासाठी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं छोटं कपाट, मिळतं.

बुटांचंही तसंच. खास प्रसंगासाठी जपून ठेवलेले बूट दोन वर्षांनी घातले आणि चालता चालता तळ भुगा होऊन गळून पडला, असं इथे होतं. पॉलियुरेथेनचे तळ दमट उष्ण हवेत आतून विघटित होतात. ते बूट अधूनमधून वापरात ठेवा.

एसी १८ वर लावून दारं-खिडक्या बंद

पहिल्या महिन्यात सगळेच हे करतात. मग कपाटामागच्या भिंतीवर काळे डाग येतात आणि ते कशाने आले हे कळत नाही.

थंड ताकाचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून ओला होतो ना, तेच भिंतीचं होतं. इथल्या हवेचा दवबिंदू बहुतेक वेळ २४ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे कुठलीही वस्तू त्यापेक्षा थंड झाली आणि तिला बाहेरची हवा लागली की तिच्यावर पाणी धरणारच. खोली १८ अंशांवर गार करून सकाळी खिडकी उघडली की भिंत, कपाटाची पाठ, गादीची खालची बाजू, सगळं घामेजतं. एसी २५ वर ठेवून पंखा लावलात तर झोपही नीट लागते, भिंतही कोरडी राहते, बिलही आटोक्यात येतं. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं तरी जागा सोडा. न्हाणीघराचं दार बेडरूममध्ये उघडत असेल तर अंघोळीनंतर ते लावून घ्या आणि आतली खिडकी उघडी ठेवा.

एसीतून पाणी ठिबकायला लागलं तर बहुतेक वेळा निचऱ्याची नळी बुळबुळीत शेवाळाने तुंबलेली असते. एसी बंद करा, जाळी काढून धुवा, आणि तरीही ठिबकत असेल तर सर्व्हिसवाल्याला बोलवा. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायचीच असते. दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करून घ्यायची अट तर भाडेकरारातच असते. तिच्याबद्दल पुढे बोलते.

“डेंग्यू मला होऊन गेलाय”

हे वाक्य मी आपल्याच लोकांकडून फार ऐकते, आणि दर वेळी काळजी वाटते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे त्या एका प्रकाराविरुद्ध टिकाऊ संरक्षण मिळतं. दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर आजार पहिल्यापेक्षा गंभीर होण्याची शक्यता वाढते. भारतातून आलेल्या आपल्यासारख्यांनी म्हणूनच जास्त जपायला हवं. सिंगापूर इतकं स्वच्छ शहर, तिथे कसले डास, असंही समजू नका. २०२० मध्ये इथे डेंग्यूचे ३५ हजारांहून जास्त रुग्ण झाले होते.

एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आठवड्याभरात अंड्याचा डास होतो. आपल्या घरात त्याची लाडकी जागा म्हणजे तुळशीच्या कुंडीखालची ताटली. ती काढूनच टाका, किंवा एक दिवसाआड पुसून कोरडी करा. देवापुढच्या फुलदाणीतलं पाणीही बदला. कपडे वाळत घालायच्या बांबूच्या काठ्या ज्या नळ्यांत खोवतात, त्या नळ्या वापरात नसताना झाकून ठेवा. पर्यावरण खात्याचे लोक घरात येऊन तपासणी करतात आणि अळ्या सापडल्या तर दंड होतो. वस्तीत पिवळा किंवा लाल फलक लागला असेल तर तिथे रुग्ण सापडले आहेत असं समजा. लाल म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त.

ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून आठवडा काढू नका. दोन दिवस ताप टिकला, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडून आलंय, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा. तोवर पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोटात खूप दुखायला लागलं, सारखी उलटी होत असेल किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. आईबाबा राहायला आले असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा. मुलांना त्रास नको म्हणून ती पिढी दुखणं अंगावर काढते.

बॅगेत भरलेलं स्वयंपाकघर

वीस किलो डाळ-तांदूळ-पोहे घेऊन येऊ नका. सेरंगून रोडवर, टेक्का सेंटरच्या आसपासच्या दुकानांत तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. आणायचंच तर मेतकूट, भाजणी, कोकम, घरचा गोडा मसाला आणा, आणि तेही अर्ध्या-पाव किलोच्या पाकिटांत, फ्रीजरमध्ये मावेल एवढंच. दाण्याचं कूट आठवड्यापुरतंच करा, फ्रीजमध्ये ठेवा. बुरशी धरलेले शेंगदाणे निवडून वापरू नका, अख्खे टाकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजून जात नाही. रवा आणि पोहे सरळ फ्रीजमध्ये. गूळ पाघळला तर घाबरू नका, काचेच्या बरणीत भरून तोही फ्रीजमध्ये ठेवा.

खसखस आणू नका. मागवूही नका. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण इथे तिच्यातल्या मॉर्फिनच्या अंशामुळे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली अडवली जाते. दिवाळीच्या फराळाच्या पार्सलमध्ये अनारसे असतात, करंजीच्या सारणात खसखस असते, काही घरांत गोड्या मसाल्यातही पडते. घरच्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा: फराळ बिनखसखशीचा करा. गुटखा, खैनी, जर्दा आणि ई-सिगारेट यांवर बंदी आहे, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. आईबाबांच्या औषधांत झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर निघण्याआधी आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची परवानगी लागते. सगळ्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.

मिक्सर बिनधास्त आणा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, फक्त प्लग चौकोनी तीन पिनांचा बसवून घ्या. पाण्याचा फिल्टर मात्र नको, नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे.

कपड्यांत मलमल आणि लिनन आणा, जाड जीन्स दोन दिवस वाळत नाही. पर्समध्ये एक शाल ठेवा, बस, मॉल आणि ऑफिसमधला गारठा घामेजल्या अंगाला बाधतो. सुमात्राच्या जंगलांतल्या आगींचा धूर काही वर्षी जून ते ऑक्टोबरदरम्यान इथवर येतो. जून २०१३ मध्ये प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता. घरात कुणाला दमा असेल तर एन-९५ मास्क आधीच आणून ठेवा.

करार न वाचता सही

ओलाव्याचा हिशेब शेवटी डिपॉझिटमध्ये होतो. एक वर्षाच्या कराराला साधारण एक महिन्याचं, दोन वर्षांच्या कराराला दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून जातं. घर सोडताना भिंतीवरची बुरशी, फुगलेलं कपाट, न केलेलं एसी सर्व्हिसिंग, हे सगळं त्यातून कापलं जाऊ शकतं. आमच्या पहिल्या घरात एका भिंतीची बुरशी आम्ही येण्याआधीपासून रंगाखाली होती. आमच्याकडे तेव्हाचा फोटो नव्हता, म्हणून रंगाचे पैसे आम्हीच भरले.

किल्ली हातात आली त्याच दिवशी प्रत्येक कपाटाची आतली बाजू, सिंकखालची जागा, एसीखालची भिंत आणि खिडक्यांच्या कडा यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवा. बहुतेक करारांत पहिले ३० दिवस आधीपासूनचे बिघाड घरमालकाने दुरुस्त करून द्यायचे असतात, ते दिवस वाया घालवू नका. एसी सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती जपा. ‘लाइट कुकिंग’ची, म्हणजे फक्त हलकाफुलका स्वयंपाक करण्याची, अट असेल तर फोडणी, तळण चालेल का ते सही करण्याआधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. दोन वर्षांच्या करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ आहे ना ते बघा. नोकरी गेली किंवा देश सोडावा लागला तर साधारणपणे वर्षभरानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं ते त्याच्यामुळे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.४ टक्के असतं आणि ते भाडेकरूच भरतो. ते भरल्याशिवाय करार कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. एजंटचं नाव सरकारी नोंदणीत तपासा आणि भाडं, डिपॉझिट थेट घरमालकाच्या खात्यात भरा.

घर बघायला जाल तेव्हा पाऊस पडून गेल्यावर जा. कपाटं उघडून वास घ्या. समोरासमोर खिडक्या असलेलं थोडं जुनं घर हे एकाच बाजूला काच असलेल्या नव्या घरापेक्षा राहायला बरं.

एवढं करूनही डिपॉझिट अडवलं गेलं तर दोन वर्षांपर्यंतच्या भाडेकरारांचे २० हजार सिंगापूर डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात, नेता येतात. तिथे वकील चालत नाही, आपणच उभं राहून बोलायचं असतं, आणि तेव्हा ते फोटो आणि त्या पावत्या कामी येतात.