आठवणी लिहायला बसताना

आत्मपर लेखनाची सुरुवात जन्मापासून करण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी आजही मनातून न हटणारा एखादाच प्रसंग निवडावा आणि तेव्हा कोण काय बोलले, कोण कुठे उभे होते, घरात कसला वास होता, हे आठवेल तसे आधी उतरवून काढावे. ‘आजी फार कष्टाळू होती’ या वाक्याने वाचकाला काहीच दिसत नाही; पहाटे बंबात ढलप्या सारताना धुराने चुरचुरणारे डोळे पदराने पुसणारी आजी मात्र दिसते.

खरी कसोटी पुढे लागते. प्रसंग जगलेले तेव्हाचे आपण आणि तो लिहिणारे आजचे आपण, ही दोन वेगळी माणसे असतात, आणि लेखाचा अर्थ त्यांच्यातील अंतरातूनच उमलतो. दया पवार यांनी ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) दगडू मारुती पवार (हे लेखकाचेच मूळ नाव) आणि लिहिणारे दया पवार यांनाच परस्परांशी बोलते केले आहे, नवोदितांनी ती रचना जरूर अभ्यासावी.

संवाद शब्दशः आठवत नसतील, तर ते अवतरणचिन्हांत न घालता केवळ आशय सांगावा. पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावा आणि जिथे आपण स्वतःचीच कीव करीत आहोत असे जाणवेल, ती वाक्ये निर्धाराने काढून टाकावीत.